नासपतीला काय म्हणतात

व्यायामशाळेत तेवीस खुर्च्या, गोल मांडलेल्या.
बास्केटबॉलच्या पांढऱ्या रेघेवर माझे पाय.
बाहेर तात्राच्या डोंगरांवर मार्च अजून गोठलेला,
आत रेडिएटर खोकतोय,
आणि खसखशीच्या रोलांच्या ताटलीपाशी
आमच्यातले निम्मे शिक्षक घड्याळ बघतायत.
शनिवार. सही केली की सुटका,
असं मीही ठरवूनच आले होते.

शिकवायला आली मार्गिता,
नदीपलीकडच्या रोमा वस्तीतली.
तीच वस्ती, जिच्यावरून मी रोज गाडीने येते
आणि वळण आलं की काच वर करते.
(हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.)

तिनं पडद्यावर काही दाखवलं नाही.
समता, न्याय असले शब्द फळ्यावर काढले नाहीत.
पिशवीतून चित्रांचे पुठ्ठे काढले, कडा कुरतडलेले,
आणि एकेकापुढे धरून विचारत गेली, रोमानीत,
"सो हिन कादा?"
हळू, स्पष्ट,
सहा वर्षांच्या पोराला विचारावं तसं.
उत्तराला दहा सेकंद.
मग वहीत एक फुली.

गणिताचे ओन्द्रेय सर हसले. फुली.
मी म्हटलं, "मला कळलं नाही." फुली.
मुख्याध्यापक आपल्या भाषेत बोलले,
अचूक, व्याकरणशुद्ध, पूर्ण वाक्यात.
फुली.
फुलीलाही आवाज असतो:
पेन्सिल दोनदा सरकते, एवढंच,
आणि कानाच्या पाळ्या तापतात.

"एवढ्यावरून," मार्गिता म्हणाली, आता स्लोव्हाकमध्ये,
"मला मतिमंदांच्या शाळेत बसवलं. नऊ वर्षं.
तिथं मी कागदी फुलं करायला शिकले.
फार सुबक करते मी कागदी फुलं."
कुणीतरी उगाचच खुर्ची सरकवली.

मग ती हेडविगाबाईंसमोर थांबली.
निवृत्तीला तीन महिने,
मांडीवर अर्धं विणलेलं मोजाचं टोक.
पुठ्ठ्यावर पिवळी नासपती.
दहा सेकंद लागलेच नाहीत.
"अंब्रोल," बाई म्हणाल्या.

पेन्सिल वर, हवेतच.
बरोबरची खूण करावी लागेल
असं मार्गिताला वाटलंच नव्हतं बहुतेक.

बाईंनी सुया आवरल्या.
"लहानपणी आमच्या कुंपणापाशी झाड होतं.
तुझी आजी आणि मी एकाच फांदीवर बसायचो.
चाचणीला तूही अंब्रोलच म्हणाली होतीस.
मी ऐकलं होतं.
कागदावर रकाना एकाच भाषेचा होता."

यानंतर काय झालं म्हणून विचाराल, तर काही नाही.
कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.
मार्गितानं नासपती पिशवीत ठेवली
आणि पुढचा पुठ्ठा काढला.
रोल तसेच राहिले.
बाईंचा एक टाका सुटला होता,
तो त्या दिवसभर उचलत होत्या.

घरी येताना मी मनात म्हणत होते,
शब्द येत असून गिळला, केवढं पाप.
माझं बरं आहे, मला त्यांची भाषाच येत नाही.

सोमवारी तिसरीच्या वर्गात झ्लातिका उठली.
तिच्या चपला फडताळात सगळ्यांपासून वेगळ्या असतात,
चिखल लागतो म्हणून.
फडताळ मीच लावलंय.
तिनं रिकामा पेला दाखवला.
"पानी."

सहा वर्षं. वर्गागणिक पाचसहा मुलं.
दर वेळी मी म्हटलंय: "नीट सांग."
म्हणजे कळत होतं.
पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मी नळाशी गेले, पेला काठोकाठ भरून आणला,
तिच्या हातात दिला.
तिनं ओठाला लावला नाही.
माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
राहून गेलेल्या वाक्याची वाट बघत,
आणि ते आलंच नाही तेव्हा घाबरून
स्वतःच म्हणाली,
"वोदा."